चार रंगांतली आत्या

आमच्या रस्त्यावरच्या बाभळींना यंदाही कापूस लागलाय. मार्केटकडं निघालेल्या गाड्या आणि टेम्पो इतके फुगवून भरलेले असतात की कडेची प्रत्येक फांदी त्यांच्या पोटात हात घालून मूठभर काढून घेते. दिवाळी सरली की आमच्या तामसीपासून आदिलाबादपर्यंतचा रस्ता असा पांढरा, केसाळ होतो. आमच्या मंडल ऑफिसात बदलून आलेल्या एका साहेबांनी मला विचारलं होतं, इकडं बाभळीलाही कापूस येतो काय. मी म्हटलं, येतो साहेब, पण पिकांच्या पहाणीत त्याची नोंद होत नाही. साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. ते बदलून जाईपर्यंत मी त्या एका मान हलवण्यावर सुखानं जगलो.

हा पांढरा रस्ता दिसला की इतरांना काय आठवतं कोण जाणे. सरकीचा तेलकट वास आठवत असेल, पहाटेची थंडी, कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वाळक्या बोंडाच्या टोकांनी फाटलेली बोटं. मला तेही सगळं आठवतं, पण आधी एक आवाज आठवतो. कॉम्प्युटरच्या फ्लॉपी ड्राइव्हचा. घशात काही अडकलेल्या म्हाताऱ्यासारखा: खर्र, थांबून पुन्हा खर्र. आणि त्या घशात जे अडकलं होतं तेही कापूसच होतं, आणि ते मीच अडकवलं होतं.

परवा प्रज्ञाचा हैदराबादहून फोन आला. ही माझ्या गयाआत्याची नात, माझ्या आतेभावाची मुलगी. नोकरी करून उरलेल्या वेळात ती एकटीच्या बळावर गेम बनवते, जुन्या पद्धतीचे, चौकटी-चौकटींच्या चित्रांचे. म्हणजे ज्या चौकटी आमच्या नशिबी मशीनच गरीब होतं म्हणून आल्या, त्या हिची पिढी हौसेनं काढते. तिची अडचण वेगळी होती. चित्रं काढायला एक सॉफ्टवेअर, जमीन मांडायला दुसरं, हलवायला तिसरं, आणि प्रत्येकाचे भक्त इंटरनेटवर एकमेकांच्या उरावर बसलेले. हे वापराल तर कलाकार, ते वापराल तर नवशिके. तिनं विचारलं, "काका, तुमी तवा कोणतं वापरलं होतं? आजीचा गेम कायात बनवला होता?"

मी हसलो. म्हटलं, पहिल्यांदा अहंकारात बनवला, मग कापसात, आणि शेवटी दोसुतीवर. तिला वाटलं ही तीन सॉफ्टवेअरची नावं आहेत.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. आदिलाबादेत नरसय्या सरांनी बी-बियाणाच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास काढला होता. खालून फवारणीच्या औषधाचा वास वर यायचा, त्यामुळं आजही कुणी 'कॉम्प्युटर' म्हटलं की मला किडे मरत असल्याचा भास होतो. चपला जिन्यात काढायच्या. दर शुक्रवारी मशीनांना उदबत्ती. एकच टेबलफॅन, तोही मशीनांकडं तोंड करून. घाम पुसत आम्ही त्याच्या पाठीमागं बसायचो. मी एकदा पंखा जरा इकडं वळवला, तर सर शांतपणे म्हणाले, "बाबू, पंखा मशीन के वास्ते है. तुम लोगां तो गरमी में पैदा हुए." सर तेलुगू बोलत घरी, हिंदी बोलत आमच्याशी, आणि इंग्रजी बोलत मशीनशी.

मशीनं चार. तीन काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं दाखवणारी, आणि एक रंगीत. त्या रंगीत मशीनला सरांच्या घरच्यांनी मखमलीचं झाकण शिवलं होतं, झालर लावून. माझ्या माहितीत अख्ख्या जिल्ह्यात तेवढंच रंगीत मशीन होतं. म्हणजे माझी माहिती कॉलेज, बसस्टँड आणि तामसीची बस एवढीच होती, पण त्या वयात जग तेवढंच पुरतं. त्या मशीनसमोरची खुर्ची मला हवी होती. बाकी काही नको होतं.

संक्रांतीला सर प्रदर्शन भरवत. लोकांनी यावं, रंगीत मशीन पाहावं, मुलांची नावं घालावीत. त्यावर्षी पडद्यावर काय चालवायचं असा प्रश्न निघाला. सतीश नावाचा एक व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला, विमानाचा गेम करतो. मी त्याच्याहून मोठ्यानं म्हणालो, मी पण गेम करतो. कशाचा, असं सरांनी विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मी ठरवलंच नव्हतं. खिडकीतून खाली कापसाच्या गाड्यांची रांग दिसत होती. म्हटलं, कापूस वेचायचा.

क्लास हसला. मीही थोडा हसलो, कारण एकट्यानं न हसणं अवघड असतं. पण बसमध्ये बसल्यावर राग आला. गेम म्हणजे तरी काय, पुढं जा, उचल, पुढं जा, वाईट माणूस आला की चुकव. माझी आत्या हे जन्मभर करत आली होती. आणि खरं सांगायचं तर विमान मी जवळून पाहिलंच नव्हतं. काढणार कसं?

आता हत्यारं. क्लासमध्ये एक बी.एस्सी. झालेले थोर विद्यार्थी होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की खरे गेम 'सी' भाषेत होतात, बेसिक ही भाषा लहान पोरांना पाढे म्हणून दाखवायला आहे. मला थोर व्हायचं होतंच. मी सी धरलं. त्या मशीनला हार्डडिस्क नव्हती. एक फ्लॉपी घालायची, वाट पाहायची, काढायची, दुसरी घालायची, पुन्हा वाट पाहायची, आणि मग मशीन सांगणार की तुझा एक अर्धविराम राहिला. दिवाळीपासून आवळीभोजनापर्यंत मी अर्धविराम वेचले. शेवटी पडद्यावर एक ठिपका उमटला. मी त्याला उजवीकडं चालवलं. तो चालला, चालला, कडेपर्यंत गेला आणि पलीकडं निघून गेला. परत आलाच नाही. मशीन बंद करून चालू केलं तेव्हा सुटलो. थोर विद्यार्थी म्हणाले, मेमरीत कुठंतरी गेला असेल. असेल. आजही असेल.

तेव्हा नागपूरच्या एका मावसभावानं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर दिलं, दोन फ्लॉप्यांवर. त्यात ब्रश होता, रंगाचा डबा होता, पुसायचा रबर होता. मावसभावानं बजावलं, फ्लॉपी फार नाजूक असते, धक्का लागू देऊ नको. तामसीची बस तर धक्के देण्यासाठीच चालायची. मग मी आमच्याकडं कोणीही शहाणा माणूस करेल ते केलं. बांगड्या, चिमणीच्या काचा, अंडी, जे जे फुटतं ते आमच्याकडं कापसात ठेवतात. मी बिस्किटाचा डबा घेतला, आत्याच्या ओटीतला नवा, मऊ, कोरडा कापूस दाबून भरला आणि त्यात दोन्ही फ्लॉप्या लेकरासारख्या झोपवल्या. बसमध्ये डबा मांडीवर. रस्त्यात एका बाईनं विचारलं, "गणपती आनला का रं?"

पहिली फ्लॉपी मशीनच्या तोंडात गेली आणि तो आवाज आला. खर्र. दुसरी घातली. खर्र. सरांनी मला उठवलं, स्क्रू ड्रायव्हर आणून ड्राइव्ह उघडला, चिमट्यानं आत काहीतरी धरलं आणि ओढत राहिले. लांबच लांब, पांढरा, चांगल्या प्रतीचा धागा निघाला. सरांनी तो उजेडात धरला. खालच्या दुकानात कापसाचे व्यापारी येत, त्यांच्या सवयीनं सरांनी तो दोन बोटांत ओढूनही पाहिला. मग म्हणाले, "धागा अच्छा है. लेकिन ये जिनिंग मशीन नै है, बाबू."

चित्रांचं सॉफ्टवेअर तिथंच संपलं. आणि सरांनी अट घातली, सगळ्यांसमोर. प्रदर्शनात माझा गेम आधी चालेल, कारण मी जास्त मोठ्यानं बोललो होतो. पण तो एकदा जरी अडकला, तर सतीशचं विमान लागेल आणि रंगीत मशीनची खुर्ची पुढच्या सबंध सत्रासाठी सतीशची. मी नारिंगी अक्षरांपाशी.

उरलं काय, तर बेसिक. ते मशीनच्या सोबतच आलेलं, त्याला कोणी नागपूरहून आणलेलं नव्हतं, त्याचं कोणी कौतुक करत नव्हतं. मी धरलं. आज प्रज्ञाला मी सांगतो की मी विचारपूर्वक निवडलं. प्रज्ञा तोंडावर हसत नाही, एवढी ती सुसंस्कृत आहे.

पण चित्र कुठं काढायचं? आमच्या घरी आईची एक दोसुती होती. जाडसर कापड, उभ्या-आडव्या धाग्यांच्या सारख्या चौकटी, त्यावर फुल्या-फुल्यांचं भरतकाम. त्या काळी कोणत्याही शिक्षकाच्या घरात अशा दोसुतीवर पोपट असायचाच, चोच पायऱ्यापायऱ्यांची, शेपूट पायऱ्यापायऱ्यांचं. मी लहानपणापासून तो पोपट पाहत आलो होतो आणि रंगीत मशीनवर पहिल्यांदा गोल काढला तेव्हा त्याच्या कडा पाहून मला वाटलं होतं, हा तर आईनं भरलाय. मग मी आईकडून कोरा तुकडा मागितला. बाई कशी दिसेल ते त्यावर फुल्यांनी भरायचं, आणि एकेक ओळ मोजून तिचा आकडा बेसिकला द्यायचा. फुली असेल तिथं रंग, नसेल तिथं जमीन. रात्री-बेरात्री नाही, भर उन्हात, ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत मी भरतकाम केलं. वीस वर्षांचा घोडा. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, पोराचं कुठं जुळून राह्यलं का?

पहिली बाई पडद्यावर आली तेव्हा मी आकडे उलट्या बाजूनं मोजले होते. तिचं तोंड डावीकडं आणि ती चालायची उजवीकडं. कापूस पाठीमागून वेचायची. सतीशला इतकं हसू आलं की त्याला पाणी द्यावं लागलं. मी म्हटलं, घरी परत जातेय. दोन दिवसांनी सरळ केली.

मग रंगांची भानगड निघाली. त्या मशीनमध्ये एका वेळी चारच रंग. तेही आपल्या मनाचे नाहीत. दोन ठरलेल्या ताटांपैकी एक उचलायचं. एका ताटात हिरवा, लाल आणि पिवळट. दुसऱ्यात आकाशी, गुलाबी-जांभळा आणि पांढरा. चौथा रंग मागची जमीन, तो तेवढा आपल्या हातात. आता पाहा. हिरवी पऱ्हाटी हवी तर कापूस पिवळा घ्या. पांढरा कापूस हवा तर पऱ्हाटी आकाशी घ्या. थोर विद्यार्थी म्हणाले, झाड हिरवंच पाहिजे, हे तर बालवाडीत शिकवतात. सरही म्हणाले, पिवळा चालेल, कौन देखता.

आमच्याकडं सगळेच पाहतात. मार्केटात व्यापारी मूठ भरून कापूस उचलतो, उजेडात धरतो आणि म्हणतो, पिवळा मारतो, भिजलेला दिसतो. त्या एका शब्दानं एका घराचा हंगाम जातो. पांढऱ्याला पिवळं म्हणणारे बाहेर पुष्कळ होते. मशीनमध्ये मी त्यांचं काम करून देणार नव्हतो. मी दुसरं ताट उचललं. जमीन काळी ठेवली, कारण आमची जमीन काळीच आहे. कापूस पांढरा. पऱ्हाटी आकाशी, लुगडं गुलाबी-जांभळं. चारातले दोन रंग खरे झाले. कोणाला झाड ओळखू येत नसेल तर त्यानं कापूस पाहावा.

गयाआत्या बाबांची मोठी बहीण. दोघं लहानपणी एकाच पाटलाच्या वावरात वेचायला जात. मग बाबा शाळेत गेले आणि दोघांचा वाटा आत्या एकटी वेचू लागली. बाबा शिक्षक झाले, गावात गुरुजी झाले. आत्याच्या कमरेची ओटी काही सुटली नाही. ती ओटी म्हणजे पदराची मोठी झोळी, वेचलेला कापूस टाकायला पुढं बांधलेली. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे.

एक दिवस आत्या आली तेव्हा मी दोसुती घेऊन बसलो होतो. तिनं तुकडा उचलून लांब धरला, जवळ धरला. कोण आहे म्हणून विचारलं. तूच, मी म्हटलं.

"अशी वाकलेली काऊन?"

"वेचून राह्यली ना तू."

"अरे, पऱ्हाटी कमरेच्या वरती हाय. मी का पाय धरून राह्यली कोनाचे? उभी काढ मले."

बाबा आतून बाहेर आले. त्यांनी तुकडा पाहिला, माझ्याकडं पाहिलं. बाबा कधी ओरडत नसत. आवाज खाली गेला की आम्ही समजायचो. म्हणाले, "मिलिंद, ज्या वावरातून बाहेर पडायला आमचा जन्म गेला, ते तू त्या मशीनमध्ये घालून शहरच्या लोकांना दाखवणार? विमान काढ. राजा काढ. दुसरं काहीही काढ."

उत्तर आत्यानं दिलं. ती बाबांना भाऊ म्हणायची, पण टोचायचं असलं की गुरुजी म्हणायची.

"गुरुजी, मी कधी इमानात बसली का?"

बाबांनी पुन्हा त्या तुकड्याकडं पाहिलं.

"मंग मले कुठं दावन हा पोरगा? जिथं उभी हाय तिथंच दावन ना."

बाबा आत निघून गेले. मी आख्खी बाई उसवली आणि उभी भरली. मान ताठ ठेवायला एक ओळ जास्त लागली, म्हणून पाय आखूड झाले. आत्या म्हणाली चालते.

गेम असा होता. काळ्या जमिनीवर आकाशी पऱ्हाटीचे तास, ओळीमागून ओळ. बोंडं फुटत राहतात, बाईनं वेचत राहायचं, ओटी भरली की बांधावरच्या काट्यावर टाकायची. वजनाचा आकडा वर वाढतो. बांधावर मुकादम फिरतो. बाई जरा थांबलेली दिसली की तो येतो आणि ओटीतून मूठभर काढून घेतो. त्यानं ओटी रिकामी केली की खेळ खलास. एका बोंडाचं वजन मी शंभर धरलं. का, तर मोठे आकडे पडद्यावर बरे दिसतात. आकाशात सूर्य काढला, पण तो बुडवायचा राहून गेला. आणि न थांबणाऱ्या माणसाचा खेळ संपणार कसा, ते लिहिलंच नाही. मला वाटलं, न थांबता कोण किती वेळ वेचणार?

प्रदर्शनाच्या दिवशी माडीवर तिळगुळाचा आणि फवारणीचा एकत्र वास. मखमल काढलेली. सर कोट घालून. लोक येत, बसत, दोन-चार बोंडं वेचत आणि संपत. एक व्यापारी खेळता खेळता शेजाऱ्याला भाव सांगायला वळला, तेवढ्यात मुकादमानं त्याची ओटी साफ केली. लोक पोट धरून हसले. व्यापारीही हसला, पण पुन्हा बसला नाही. सर माझ्याकडं पाहून डोळ्यांनी 'ठीक' म्हणाले. सतीश त्याचं विमान फ्लॉपीत घेऊन भिंतीला टेकून उभा.

दुपारी आत्या आली, गावच्या तीन-चार बायांसोबत, ठेवणीतलं लुगडं नेसून. बाबाही आले होते, पण ते जिन्याजवळ, आलो नाही असं वाटावं इतके मागं उभे राहिले. सर म्हणाले, "अम्मा, पडदे को हात नै लगाना." आत्यानं पडद्याला नमस्कार केला आणि खुर्चीत बसली. ह्या कळीनं डावीकडं, हिनं उजवीकडं, आणि ही वेचायची, मी सांगितलं. तिनं विचारलं, मुकादम कोनता. दाखवला. "हाव, वळखला," म्हणाली.

आणि ती वेचू लागली.

सुरुवातीला हळू, मग दोन्ही हातांनी. सोबतच्या बाया मागून सांगायच्या, गये, वरचं फुटलं, गये, आला मुडदा. ती पडद्यावरची नजर हलवायची नाही. मुकादम इकडून तिकडं फिरत राहिला, त्याला जवळ यायला निमित्तच मिळेना. ओटी भरायची, काट्यावर पडायची, पुन्हा भरायची. लोक आधी हसत होते, मग खुर्चीमागं दाटी झाली. पडद्यावरची ती आखूड पायांची, ताठ मानेची बाई आणि खुर्चीतली, दोघी एका लयीत. मी खूश होतो. मग माझं लक्ष वरच्या आकड्याकडं गेलं.

बेसिकमध्ये आकडा ठेवायच्या निरनिराळ्या जागा असतात. मी घाई करून सगळ्यात लहान, सगळ्यात चपळ जागा घेतली होती, नावापुढं टक्क्याचं चिन्ह लावलं की मिळते ती. तिच्यात बत्तीस हजार सातशेच्या थोडं पुढपर्यंतच मावतं. आत्या एकतीस हजारांच्या पुढं गेली होती.

मी खाली वाकून म्हटलं, "आत्या, आता बस."

"काऊन? दिवस कुठं बुडला अजून?"

सूर्य मीच टांगलेला, जिथल्या तिथं. ओटी भरली. ती काट्याकडं गेली. टाकली.

पडदा थांबला. बाई थांबली, मुकादम थांबला. वर पांढरी इंग्रजी अक्षरं आली, ओव्हरफ्लो, पुढं माझ्या ओळीचा नंबर, आणि खालच्या ओळीवर, काही झालंच नाही अशा थाटात बेसिक नेहमी लिहितं तसं, ओके.

"अडकला," सतीश म्हणाला. त्याचा आवाज काही वाईट नव्हता, त्याला घाई होती एवढंच. मागून कोणीतरी हसलं. आत्यानं चटका बसल्यासारखे हात मांडीवर घेतले. इतक्या वेळात पहिल्यांदा ती घाबरलेली दिसली. म्हणाली, "मिल्या, मी मोडलं का रे?"

माझी खुर्ची गेली हे मला कळलं होतं, मी नुसता त्या ओळीचा नंबर वाचत होतो. तेवढ्यात गर्दी सरकली. बाबा पुढं आले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि वर्गात फळ्यावरचं वाचतात तसं मोठ्यानं, सगळ्या माडीला ऐकू जाईल असं वाचलं. ओव्हर. फ्लो. मग आत्याकडं वळले.

"तू नाही मोडलं, बाई. तू वेचलेलं ह्या काट्यात मावत नाही, असं लिहिलंय."

आत्यानं पडद्याकडं पाहिलं. "अन् खाली काय लिवलं?"

बाबांनी चष्मा सारखा केला. ओके ह्या शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता असं नाही; कोणता सांगावा ते पाहत असतील. म्हणाले, "कबूल."

आत्या उठली. लुगड्याचा घोळ सारखा केला. "लई दिवसानं केलं कबूल," एवढंच म्हणाली आणि चपला घालायला जिन्याकडं निघाली. बाबा तिच्या मागं. तिच्या पिशवीला त्यांनी हात घातला, तिनं सोडली नाही, मग दोघं एकेक बंद धरून उतरले.

सर माझ्याजवळ आले. त्यांना दोष कळला होता. मशीनशी इंग्रजी बोलणारा माणूस, त्याला का कळणार नाही. हळूच म्हणाले, एक चिन्ह बदल, मोठी जागा घे, परत चालू कर, मी काही पाहिलं नाही. म्हणजे खुर्ची परत देत होते. टक्क्याचं चिन्ह काढलं असतं तर आकडा लाखांत गेला असता आणि मशीन कधी अडकलं नसतं. पुढं शंभर आत्या बसल्या असत्या तरी त्यानं हूं की चूं केलं नसतं, वजन घेत राहिलं असतं, जसं सगळे घेत आले.

मी नाही म्हणालो. सरांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "सर, अडकला तो बरोबर अडकला." सरांनी सतीशला हाक मारली. शब्दाला पक्के होते. त्या सत्रात मी नारिंगी अक्षरांसमोर बसलो, पंख्याच्या पाठीमागं, आणि शेजारी रंगीत पडद्यावर विमानं उडत. चांगली उडत, खोटं कशाला बोलू.

मी पुढं काही मोठा गेमवाला झालो नाही. मंडल ऑफिसात लोकांचे जमिनीचे पट्टे कॉम्प्युटरवर चढवतो, आणि सॉफ्टवेअर निवडायचं कोणी मला विचारत नाही. ते वरून येतं, अडकतं, आणि अडकलं असं कधी सांगत नाही. पण बऱ्याच वर्षांनी, ते थोरांचं 'सी' थोडंफार शिकल्यावर, मला एक गोष्ट कळली आणि मी ऑफिसात एकटाच हसलो. तो गेम मी सीमध्ये केला असता तर तेवढ्याच लहान जागेत तोच आकडा भरल्यावर मशीन थांबलंच नसतं. गुपचूप उलटं फिरलं असतं. आत्याचं वजन उणे बत्तीस हजार दाखवलं असतं आणि खेळ पुढं चालू. वेचणारीकडंच बाकी. असले काटे आम्ही बाहेर पाहिले होते, त्यासाठी सी शिकायची गरज नव्हती.

हे सगळं मी प्रज्ञाला फोनवर सांगितलं. तिची आजी तिला फार थोडी आठवते. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मंग घेऊ कोणतं?"

म्हटलं, भक्तांचं ऐकू नको, माझंही ऐकू नको. तुझ्या हाताला येईल ते घे. फक्त एकदा मुद्दाम त्याला मावणार नाही इतकं भरून पाहा. जे थांबून तोंडावर सांगतं ते ठेव. जे गोड हसत उलटं फिरतं ते फेकून दे, मग ते कितीही थोर लोक वापरत असोत.

काल तिनं पहिलं चित्र पाठवलं. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर काळी जमीन, आखूड पायांची बाई, मान ताठ. पऱ्हाटी आकाशी. लुगडं गुलाबी-जांभळं. मी विचारलं, अगं, तुझ्याकडं तर लाखो रंग आहेत, हिरवा नव्हता का हाताशी?

"होता," तिनं लिहिलं. "पन आजी त्याच्यात नव्हती."

मी ते चित्र बोटांनी मोठं केलं. मग सवयीनं चूक शोधली. सूर्य वर तसाच टांगलेला होता. विचारलं, बुडवायचा राहिला का.

"नाही काका. मी नाही बुडवून राह्यली त्याले."